पळस, आपटा, हरभरा : झाडांच्या शास्त्रीय नावांची फोड करायला शिका

मे महिन्यात रामटेकच्या वाटेवर पळसाखाली वाळक्या शेंगा पडलेल्या असतात. एक उचला. चपटी, कागदासारखी हलकी, आणि बोटाने चाचपली तर बी फक्त टोकाला लागते. एकच बी. उरलेली सगळी शेंग वाऱ्यावर उडण्यापुरता पंख आहे. आता झाडाचे शास्त्रीय नाव वाचा : ब्युटिया मोनोस्पर्मा. ग्रीकमध्ये मोनोस म्हणजे एक, स्पर्मा म्हणजे बी. एवढे कळले की नाव पाठ करावे लागत नाही, ते शेंगेतच सापडते.

वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला येणारी मुले, झाडे ओळखायचा नव्याने नाद लागलेली मंडळी, रोपवाटिकेत काम करणारे, सगळ्यांची अडचण एकच असते. नावे मंत्रासारखी घोकली जातात आणि महिनाभरात विसरली जातात. लॅटिन किंवा ग्रीक भाषा शिकायची गरज नाही. चाळीस-पन्नास तुकडे ओळखीचे झाले की आपल्या भागातली बरीच नावे वाचता येतात. त्याची रीत पुढे दिली आहे.

आधी जमवाजमव

शंभर पानी वही, पेन्सिल आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढे पुरते. वही आडवी धरून पाच रकाने आखा : मराठी नाव, शास्त्रीय नाव, फोड, अर्थ, आणि सगळ्यात रुंद रकाना ‘झाडावर काय दिसले’. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते नाव अजून शिकून झालेले नाही असे समजा.

रोज तीनपेक्षा जास्त नावे घेऊ नका. सुरुवात ओळखीच्या झाडांपासून करा : अंगणातली तुळस, गल्लीतला कडुनिंब, नागपूरच्या महाराजबागेतला वड, सेमिनरी हिल्सवरचा साग. अनोळखी झाड आणि अनोळखी नाव एकदम घेतले की ओळखण्यातली चूक कुठली आणि अर्थातली कुठली हे कळेनासे होते. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत फिरून या. नंतर ऊन तर असतेच, शिवाय बरीच नाजूक फुले मान टाकतात.

या लेखात नावे देवनागरीत दिली आहेत. वहीत मात्र रोमन स्पेलिंगच लिहा, कारण फोड अक्षरांवरून होते, कानांवरून नाही. उच्चाराची फार चिंता करू नका. एकच नाव पुण्यात, लंडनमध्ये आणि माद्रिदमध्ये तीन तऱ्हेने उच्चारले जाते आणि सगळ्यांना कळते. स्पेलिंग चुकले तर मात्र अर्थच पालटतो. त्याची उदाहरणे पुढे येतीलच.

पहिली पायरी : नावाचे भाग वेगळे करा

बेहड्याचे पूर्ण नाव असे लिहितात : टर्मिनॅलिया बेलिरिका, त्यापुढे कंसात गार्टनर आणि कंसाबाहेर रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावांची लघुरूपे. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा. त्याचे पहिले अक्षर मोठे. दुसरा शब्द जातीचा, तो पूर्ण लहान अक्षरांत. दोन्ही शब्द छपाईत तिरपे, हाताने लिहिताना अधोरेखित. पुढची माणसांची नावे सरळ अक्षरांत. कंसातल्या गार्टनर यांनी ही जाती आधी दुसऱ्या प्रजातीत घालून वर्णिली होती. रॉक्सबर्ग यांनी ती टर्मिनॅलियात आणली. म्हणजे त्या कंसात झाडाच्या नावाचा प्रवास असतो, तो गाळू नका. नुसते ‘एल’ दिसले तर स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस. ‘एल’ पुढे छोटा ‘एफ’ असेल, जसा सागाच्या नावापुढे असतो, तर लिनियसचा मुलगा. एफ म्हणजे फिलियस, पुत्र.

दोन शब्दांची ही पद्धत लिनियसच्या ‘स्पीशीज प्लॅन्टॅरम’ या ग्रंथापासून रुळली. त्या ग्रंथाची १ मे १७५३ ही तारीख वनस्पतींच्या नावांची अधिकृत सुरुवात मानली जाते.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे दुसरा शब्द एकटा वापरणे. विड्याच्या पानातलेच उदाहरण घ्या. कात ज्या खैरापासून होतो तो सेनेगालिया कॅटेचू आणि सुपारी अरेका कॅटेचू. एक शेंगावर्गातले काटेरी झाड, दुसरे ताडकुळातले. ‘कॅटेचू’ म्हणजे कोण, या प्रश्नाला उत्तरच नाही. दुसरा शब्द विशेषणासारखा असतो. कोणाचे विशेषण ते पहिला शब्द सांगतो.

दुसरी पायरी : तुकडे ओळखा

झाडाच्या प्रत्येक भागाला दोन शब्द शिका, एक लॅटिन आणि एक ग्रीक. पान : लॅटिन फोलियम, ग्रीक फिलॉन. फूल : लॅटिन फ्लॉस, जे जोडशब्दात ‘फ्लोरा’ किंवा ‘फ्लोरम’ होते, ग्रीक अँथॉस. लाकूड : लॅटिन लिग्नम, ग्रीक झायलॉन. फळाला ग्रीक कार्पॉस, बीला स्पर्मा. धारण करणारे, देणारे या अर्थी लॅटिन ‘फेरा’.

एवढ्यावर किती उलगडते बघा. शेवग्याचे ओलिफेरा म्हणजे तेल देणारा. कमळाचे न्युसिफेरा म्हणजे कवचाची फळे देणारे. कमळकाकडी नव्हे, वरच्या चाळणीसारख्या भागातली टणक बी पाहा. आंब्याच्या मँजिफेराला आंबे लागतात, आणखी काही सांगायचे उरत नाही. तुळशीचे टेन्युइफ्लोरम म्हणजे बारीक फुलांची. सूर्यफुलाचे हेलिअँथस : हेलिऑस सूर्य, अँथॉस फूल. आवळ्याची प्रजाती फायलँथस, म्हणजे पान आणि फूल एकत्र. आवळ्याची बारीक पानांची डहाळी उलटी करून भिंगाखाली धरली की पानांच्या बेचक्यात चिकटलेली फुले दिसतात.

आता गुण सांगणारे शब्द. लाँगस लांब, लॅटस रुंद, ग्रँडिस भव्य, सेरॅटस करवतीच्या दात्यांचा, हिर्सुटस केसाळ, अ‍ॅस्पर खरखरीत, स्क्वामोसस खवल्यांचा, रॅसिमोसस घोसांचा. ग्रीकमध्ये मेलास काळा, ल्युकॉस पांढरा, एरिथ्रॉस लाल. पांगाऱ्याचे एरिथ्रिना लाल फुलांवरून, सीताफळाचे स्क्वामोसा सालीवरून, सालईचे सेरॅटा पानाच्या कडेवरून. उंबराचे रॅसिमोसा खोडाला लगडलेल्या घोसांवरून. आघाड्याचे अकिरँथिस अ‍ॅस्पेरा : अकिरॉन म्हणजे भूस, त्यासारखी फुले, आणि वर खरखरीत. रानातून आल्यावर पायजम्याला चिकटलेला आघाडा काढताना हे नाव कायमचे लक्षात राहते.

‘इसिमा’, ‘इसिमम’ असा शेवट दिसला की ‘सर्वांत’ असा अर्थ. कवठाचे अ‍ॅसिडिसिमा म्हणजे सर्वांत आंबट. जवसाचे लायनम युसिटॅटिसिमम म्हणजे सर्वांत उपयोगाचे. ज्या झाडाच्या धाग्याचे कापड होते, बियांचे तेल निघते आणि आपल्याकडे भाकरीबरोबर चटणी होते, त्याला दिलेले हे विशेषण शोभतेच.

तुकडे पाडताना कुठे फसगत होते

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

‘फिल’ या तुकड्यात एल दोनदा असेल आणि आधी वाय असेल तर पान. एल एकदाच आणि आधी आय असेल तर प्रेम, आवड. पाणी आवडणारी आणि पाण्यासारख्या पानांची यांत फरक एवढ्या दोन अक्षरांचा.

‘अँथॉस’ फूल, पण ‘अकँथा’ काटा. शब्दाच्या मधोमध ‘अँथ’ दिसले म्हणून फूल म्हणू नका. आधी ‘अक’ आहे का ते बघा.

‘मेल’ लॅटिनमध्ये मध, ‘मेलास’ ग्रीकमध्ये काळा. मधमाशीच्या एपिस मेलिफेरात मध आहे, तेंदूच्या मेलॅनोझायलॉनमध्ये काळे लाकूड. आणि वांग्याचे मेलॉन्जेना यांपैकी कशातच बसत नाही. ते अरबी ‘बादिंजान’ फिरत फिरत लॅटिनमध्ये पोचलेले रूप आहे.

तेंदूच्या पहिल्या शब्दातही असाच फास आहे. डायोस्पायरॉस म्हणजे ‘देवाचा अग्नी’ असे सांगताना ऐकू येते. ग्रीक ‘पीर’ म्हणजे आग हे खरे, पण इथला शब्द ‘पीरॉस’, म्हणजे गहू. झ्यूसचे धान्य, देवाचे अन्न असा अर्थ. तो फळाला उद्देशून आहे. उन्हाळ्यात तेंदूचे पिवळे, गोड, किंचित तुरट फळ खाल्लेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. बाजार मात्र पानांचा, विडीसाठी. नावात पान कुठेच नाही.

तिसरी पायरी : शेवट का बदलतो

सॅटिव्हस म्हणजे लागवडीचा. केशर क्रोकस सॅटिव्हस, भात ओरायझा सॅटिव्हा, लसूण अ‍ॅलियम सॅटिव्हम. शब्द एकच, प्रजातीच्या नावाचे लिंग बदलले की शेवट बदलतो. मराठीत चांगला, चांगली, चांगले होते तसेच हे. आपल्याला ही गोष्ट सहज कळायला हवी, कारण आपली विशेषणेही लिंगाप्रमाणे वळतात.

पण एक अपवाद लगेच डोळ्यांत भरतो. पिंपळ फायकस आहे, म्हणजे शेवट ‘अस’, मग पुढे रिलिजिओसस का नाही? लॅटिनमध्ये झाडांची बरीच जुनी नावे दिसायला पुल्लिंगी आणि चालवायला स्त्रीलिंगी आहेत. म्हणून फायकस रिलिजिओसा, फायकस रॅसिमोसा, तुतीचे मोरस अल्बा. पाटी लिहिताना ‘दुरुस्ती’ म्हणून रिलिजिओसस करू नका.

प्रजाती बदलली तर शेवटही बदलावा लागतो. नागपुरात कंपाउंडच्या भिंतीला लागून उंच खांबासारखा लावलेला ‘अशोक’ खरा अशोक नाही; खरा अशोक साराका असोका. या उंच झाडाचे जुने नाव पॉलिआल्थिया लाँगिफोलिया. आता ते मोनून प्रजातीत गेले आणि मोनून नपुंसकलिंगी असल्याने नाव झाले मोनून लाँगिफोलियम. पहिला शब्द बदलून दुसरा तसाच ठेवलेला आढळला तर ती चूक समजा.

चौथी पायरी : नाव कशावरून पडले

सगळी नावे वर्णनाची नसतात. फोड झाली की नाव वर्णनाचे, गावाचे, माणसाचे की आपल्याच भाषेचे ते ठरवा.

गावाच्या नावांना बहुधा ‘एन्सिस’ किंवा ‘इका’ लागते : वडाचे बेंघालेन्सिस, जास्वंदीचे रोजा-सायनेन्सिस म्हणजे चिनी गुलाब, बाभळीचे निलोटिका म्हणजे नाईलकाठची. ही नावे पुराव्यासारखी वापरू नका. चिंचेचे टॅमरिंडस इंडिका पाहा. टॅमरिंडस हेच मुळी अरबी ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदी खजूर, त्यावर पुन्हा इंडिका. नावात भारत दोनदा आणि झाडाचे मूळ घर उष्ण कटिबंधातली आफ्रिका. ज्याने नाव दिले त्याला ते झाड कुठले वाटले, एवढेच अशी नावे सांगतात.

माणसांच्या नावाला पुरुष असेल तर शेवटी ‘आय’, स्त्री असेल तर ‘ए-ई’, अनेक जण असतील तर ‘ओरम’ लागते. पुत्रंजीवा रॉक्सबर्घाय हे त्याचे सुंदर उदाहरण : पहिला शब्द संस्कृत, दुसऱ्यात विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ, प्रत्यय लॅटिन षष्ठीचा. रॉक्सबर्ग १७९३ पासून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. आपल्या जंगलातल्या झाडांच्या नावांपुढे त्यांचे लघुरूप वारंवार भेटेल. प्रजातीच्या नावातही माणसे असतात. पळसाच्या ब्युटियात जॉन स्टुअर्ट, ब्यूटचा तिसरा अर्ल, आहे. त्याचा पळसाच्या रंगाशी काही संबंध नाही. माणसाचे नाव निघाले की झाडावर अर्थ शोधत बसू नका.

अपवाद आपट्याचा. बौहिनिया हे नाव योहान आणि कास्पर बौहिन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून दिलेले. आपट्याचे पान हातात घ्या : दोन पाळ्या, मधे खोल खाच, खाली एकाच देठाला जोडलेल्या. दोन भावांच्या नावाला जोडपानाचे झाड शोभून दिसते. दसऱ्याला आपण तेच पान एकमेकांच्या हातात ठेवतो.

शेवटी आपल्या भाषांतली नावे. झाडांची आवड असलेले लोक प्रत्येक नावात ग्रीक शोधू लागतात, आणि इथे ती सवय आवरायला हवी. सागाचे टेक्टोना ग्रीक ‘टेक्टॉन’, म्हणजे सुतार, यावरून आले असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अर्थ जुळतोही छान. पण सर्वसाधारणपणे मान्य असलेली वाट वेगळी आहे : मल्याळममधला तेक्क, पोर्तुगिजांचा टेका, त्याचे लॅटिन रूप टेक्टोना. डटुरा म्हणजे धतुरा, मोरिंगा म्हणजे तमिळ मुरुंगै, अर्जुनाचे अर्जुना, कडुनिंबाचे अ‍ॅझाडिरॅक्टा म्हणजे फारसी ‘आझाद दरख्त’. आवळ्याचे एम्ब्लिका ‘आमलक’ अरबीतून फिरून झालेले.

आणि मोह. मधुका लाँगिफोलिया. मधुका आपलाच मधूक. लाँगिफोलिया म्हणजे लांब पानांचा. आपल्याकडच्या मोहाचे पान रुंद असते, म्हणून त्याला लाँगिफोलियाचा लॅटिफोलिया हा प्रकार म्हणतात. ‘लांब पानांच्या जातीतला रुंद पानांचा प्रकार’ हे वाचून गोंधळू नका. जातीचे नाव आधी पडले, दक्षिणेकडच्या झाडांना ते चपखल बसते. रुंद पानांची झाडे नंतर त्याच जातीत गणली गेली.

पाचवी पायरी : झाडावर ताडून पाहा

हरभऱ्यावर करा, कारण तो प्रत्येक घरात आहे. गावरान हरभऱ्याचे पाच-सहा दाणे रात्री भिजत घाला. सकाळी फुगलेला दाणा टोक खाली आणि गोलवट बाजू वर अशी धरून भिंगातून बघा. खाली अणकुचीदार नाकाड, वर दोन बाजूंना दोन फुगवटे, मधून उतरलेली चीर. एडक्याचे मुंडके आणि कानांकडे वळलेली शिंगे. नाव आहे सायसर एरिएटिनम : सायसर हे हरभऱ्याचे रोमन नाव, एरिएस म्हणजे मेंढा. दाणा उभा धरलात तरच दिसेल, आडवा धरलात तर नाही.

संत्र्याचे सिट्रस रेटिक्युलॅटा. रेटे म्हणजे जाळे, रेटिक्युलॅटा जाळीदार. संत्रे सोलताना फोडींवर राहणारी पांढऱ्या धाग्यांची जाळी पुसून न टाकता एकदा नीट बघा.

कापसाचे दोन शब्द शेजारी ठेवून शिका : गॉसिपियम हिर्सुटम आणि गॉसिपियम आर्बोरियम. पहिला केसाळ, कोवळ्या शेंड्यावर भिंग धरले की लव दिसते. दुसरा, आपला देशी कापूस, ‘झाडासारखा’. शेतात दरवर्षी उपटला जात असल्याने तो झुडूपच वाटतो, राखला तर अनेक वर्षे वाढतो.

बेहड्याच्या फांदीचे टोक पाहा, पानांचा झुबका तिथेच असतो; टर्मिनस म्हणजे शेवट, म्हणून टर्मिनॅलिया. अर्जुनही टर्मिनॅलियाच, पण त्याची पाने तशी टोकाला गोळा झालेली दिसत नाहीत. प्रजातीचे नाव एखाद्या सदस्यावरून पडते; घरातल्या प्रत्येकाला ते बसेलच असे नाही. असे झाले की शेवटच्या रकान्यात ‘जुळत नाही’ असे लिहा. तीही नोंदच आहे.

जलपर्णीचे क्रॅसिपेस म्हणजे जाड पायाची. तलावाकाठून एक रोप उचलून पानाचा फुगलेला देठ ब्लेडने उभा चिरा. आत स्पंजासारखे कप्पे, हवेने भरलेले. रोप परत पाण्यात टाकू नका, उन्हात वाळवा.

सहावी पायरी : आजचे नाव कोणते

जुने गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी पुस्तक, उघडले तर मोह ‘बासिया लॅटिफोलिया’ म्हणून सापडेल, बाभूळ अकेशिया, जलपर्णी आयकॉर्निया. आता बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका आहे. अकेशिया ही मोठी प्रजाती फोडावी लागली, आणि २००५ मध्ये व्हिएन्नाला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेले. २०११ मध्ये मेलबर्नला तोच निर्णय कायम राहिला. जलपर्णी पाँटेडेरियात गेली.

जुने नाव खोडून टाकू नका. वहीत आजचे नाव वर, जुने त्याखाली कंसात लिहा. जुनी पुस्तके आणि बागेतल्या पाट्या वाचायला ते लागतेच. आजचे नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. १ जानेवारी २०१२ पासून नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीत दिले तरी चालते, नाव मात्र आजही लॅटिन साच्यातच घडवावे लागते. म्हणून हे तुकडे जुने होणार नाहीत.

पहिल्या आठवड्यासाठी पळस, आपटा, पिंपळ, चिंच, तेंदू, हरभरा आणि पारिजातक ही सात नावे घ्या. पारिजातक शेवटी ठेवा, कारण त्यासाठी पहाटे उठावे लागते. निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस : निक्स रात्र, अँथॉस फूल, आर्बर झाड, ट्रिस्टिस उदास. दुसऱ्या शब्दातली आडवी रेघ गाळू नका, ती असल्यामुळेच दोन शब्दांचे मिळून एक विशेषण होते. श्रावण-भाद्रपदात उजाडायच्या आधी झाडाखाली उभे राहा, फुले गळताना पाहा, आणि ऊन वर आल्यावर त्याच झाडाकडे पुन्हा येऊन शेवटचा रकाना भरा.